नवं खायच्या आधी

पडद्यावर माझा फोटो होता. कमरेत वाकलेली मी, उजव्या हातात विळा, डाव्या मुठीत धान. चंद्रपूरचा गारेगार हॉल, शंभरेक माणसं, आणि सर माईकवर बोलत होते.

"या गावात पीक कापणी प्रयोगाला विरोध होता. नवं खाल्ल्याशिवाय विळा लावायचा नाही, अशी अंधश्रद्धा. आम्ही वाद घातला नाही. त्यांच्याच मुलीच्या हातात विळा दिला. प्रश्न मिटला."

माणसं हसली. वाईट हसली असंही नाही. आडमुठी गाय कुणी युक्तीनं गोठ्यात घातली की हसतात, तशी. सर म्हणाले, "ती बघा, इथंच बसलीय." टाळ्या पडल्या. मी उठून हातही जोडले.

खाली बसले तेव्हा कळलं, आपण काय ऐकलं ते.

नागभीडच्या पुढे, जंगलाला लागून आमची गोंडांची टोली, म्हणजे वस्ती, आहे. मी बारावी झालेली. सरांच्या संस्थेला सर्वेक्षणासाठी गावातलीच मुलगी हवी होती. कुणाचं किती पिकतं, किती महिने पुरतं, ताटात काय पडतं, हे लिहून घ्यायचं. सर म्हणाले होते, "तुमच्या माणसांची भूक आजवर कुणी मोजली नाही. तू मोजणार." मी हरखले. दोन वर्षं चिखल तुडवत दारोदार फिरले. बाया चूल फुंकता फुंकता सांगायच्या. रानातल्या तरोट्याच्या भाजीवर किती दिवस काढले, हे नवऱ्याला न सांगितलेलं मला सांगायच्या.

पीक कापणी त्याच कामाचा भाग. कुणाचं शेत घ्यायचं ते संगणक ठरवतो. तिथं दहा बाय पाच मीटरचा दोरीचा चौकोन आखायचा, आतलं धान कापायचं, झोडायचं, तोलायचं. त्या वर्षी नाव निघालं माझ्या मोठ्या मायच्या बांधीचं, बांध घातलेल्या तिच्या धानाच्या शेताचं. मोठी माय म्हणजे माझ्या बापाच्या थोरल्या भावाची बायको. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. तिचं सगळं धान त्या एका बांधीत.

आमच्यात नवं खायचा दिवस भूमक ठरवतो. तो गावचा पुजारी. त्या दिवशी घरची मोठी बाई पहिल्या लोंब्या कापते, देवाला दाखवते, घराला जेवू घालते. मग शेतात विळा. आधी विळा लागला तर त्या बांधीचं धान त्या वर्षी घरात येत नाही. ढोरांना सोडतात. कुणाला पटो न पटो, आमचं असं आहे.

मी सरांना हे सांगितलं. म्हटलं, पाच दिवस थांबा.

"शुक्रवारी माहिती भरणं बंद होतं," सर म्हणाले. "पण काळजी करू नकोस. मी भूमकांशी सकाळीच बोललो. ते हो म्हणाले."

भूमकाचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. मी विचारायला गेले नाही. एवढा शिकलेला माणूस खोटं बोलेल, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कापलं. सरांनी फोटो काढला. धान पोत्यात गेलं, पोतं गाडीत.

मोठी माय लेकीच्या गावाहून संध्याकाळी परतली. बांधीच्या मधोमध भादरल्यासारखा चौकोन. ती बांधावरच थांबली.

"कोनं कापलं?"

"मीनं. भूमकभाऊ हो म्हनले म्हून..."

"तूनं कापलं," ती म्हणाली.

मी तडक भूमकाकडे गेले. तो म्हणाला, "माह्याशी कोनी बोललं नाई, बाई." मी सरांना फोन लावला. सर हसले. "अगं, म्हातारा माणूस. सकाळीच घेतली असेल. विसरला."

आणि मी ते मानलं. नुसतं मानलं नाही, टोलीभर सांगत फिरले की भूमक प्यायला होता. नव्याच्या महिन्यात जो माणूस थेंबाला शिवत नाही, त्याला मी दारुडा ठरवलं. त्या वर्षी नव्याचा दिवस सांगायला तो दारोदार आला नाही. घरातच बसून राहिला. याची लाज मला आजही वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

मोठ्या मायनं बांधी ढोरांना सोडली. उन्हाळ्यात मीच तिच्या दारात फॉर्म घेऊन गेले. प्रश्न छापील होता. गेल्या महिन्यात घरात धान्य कमी पडलं का?

तिनं माझ्याकडे पाहिलं. "लिव. काऊन पडलं ते तं तुले माईत आहे."

कारण लिहायला रकाना नव्हता. मी 'हो'वर खूण केली. सरांच्या अहवालात मोठी माय दोनदा आहे. एकदा चांगली पिकणारी बांधी म्हणून, एकदा धान्य कमी पडलेलं घर म्हणून. दोन्ही मीच भरलं.

सरांच्या भाषणात भूमकाच्या होकाराचं नावही नव्हतं. हॉलमध्ये चहाच्या वेळी मी सरांना गाठलं. त्यांच्यासमोर मी नेहमी पुस्तकी बोलायचे. त्या दिवशी नाही बोलले.

"सर, तुमी भूमकाले इचारलं होतं का नाई?"

"अगं, तो विषय संपला आता. मोठ्या कामात थोडं पुढंमागं होतंच. फोटो किती छान आलाय तुझा."

मी गळ्यातलं ओळखपत्र काढून त्यांच्या बशीशेजारी ठेवलं. माहिती भरायला दिलेला टॅबही ठेवला. वही ठेवली नाही. यंदा घरोघरी फिरून लिहिलेलं सगळं त्यात होतं.

"वही संस्थेची आहे," सर म्हणाले.

"कोरी वही धाडून देईन," मी म्हटलं. "लिवलेलं तुमचं नाई."

गावी परतून ग्रामसभेत उभी राहिले. भूमकासमोर सांगितलं, हा माणूस प्यायला नव्हता, खोटं मी पसरवलं. भूमक खाली मान घालून ऐकत होता. मला माफ केलं असं तो म्हणाला नाही. मग वही मधे ठेवली. ज्याला आपलं पान न्यायचं त्यानं न्यावं. बऱ्याच बायांनी पानं फाडून कमरेला खोचली. मोठ्या मायनं फाडलं नाही.

"राहू दे," ती म्हणाली. "पन काऊन, ते बी लिव."

मी तिथंच बसून, रकान्याच्या बाहेर, सगळं लिहिलं. कुणी कापलं, कुणाच्या सांगण्यावरून, कुणाचं धान गेलं. खाली माझं नाव घातलं.

मोठी माय अजून मला नवं खायला बोलावत नाही. मी मागतही नाही.

आश्विनात संस्थेची गाडी पुन्हा येणार आहे, दुसऱ्या कुठल्या गावची मुलगी घेऊन. तिला मी वाटेतच गाठून सगळं सांगणार आहे. सरांना आधी भूमकाच्या दारात उभं राहावं लागेल. तो माझ्यादेखत हो म्हणेपर्यंत आमच्या एकाही बांधीत दोरी पडणार नाही. पडलीच, तर विळा या वेळीही माझ्याच हातात असेल. मी दोरी कापीन.