समोर येईल ती आई

निघताना आईनं गयाची ओटी भरली, पण ओटीत घालायला घरात तांदूळ नव्हते. मूठभर मिलो घातला. मिलो म्हणजे परदेशातून आलेली लाल ज्वारी. बहात्तरच्या दुष्काळात रेशनला तीच मिळायची, आणि तिची भाकर तव्यावर जायच्या आधी हातातच तुटायची. गया माझी बायको, तिला सहावा महिना लागलेला. बाप गोठ्यात गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा होता, तो बाहेर आलाच नाही. आई वेशीपर्यंत आली.

"पहिली खेप म्हायेरची असती रं," ती म्हणाली. "परक्याच्या पालात लेकरू जल्माला घालू नगंस."

"मी हाय की."

"तू बाप्या गडी. तुझा काय उपेग?"

गयाच्या आईबापानं आमच्याही आधी घराला कुलूप घालून मुलूख सोडला होता, कुठल्या कामावर गेले ते कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणजे माहेर म्हणून एक कुलूपच उरलं होतं. आम्ही जामखेडच्या बाजूनं चालत निघालो ते दुसऱ्या दिवशी कर्जतच्या अंगाला पाझर तलावाचं काम चाललं होतं तिथं पोचलो.

गावाकडच्या माझ्या माणसांनो, आणि माझ्यासारख्या उठून गेलेल्यांनो, तुम्ही जत्रा पाहिली असेल. ही जत्रा नव्हती. जत्रेतला माणूस हसतो तरी. इथं तीन तालुक्यांचं माणूस आलेलं, आष्टीकडचं तर पार दुसऱ्या जिल्ह्यातलं. जो तो आपल्या गावाचं रिंगण करून बसायचा. पालंसुद्धा गावागावानं वेगळी. शेजारच्या गावाचं माणूस चुलीला विस्तव मागायला आलं तरी आधी गाव विचारायचे, मग विस्तव.

त्यात पहिल्याच आठवड्यात टँकरवर माझं भांडण झालं. आष्टीकडचा हरिबा म्हणून एक दांडगा गडी होता, तो मला ढकलून पुढं घुसला. नंबर माझा होता. पन्नास वर्षं झाली, आजही सांगतो, नंबर माझाच होता. हाणामारी झाली, त्याच्या आईची घागर फुटली. त्याची आई कोंडाबाई, हाडाची काटक म्हातारी, सगळ्या कामावर ती एकटीच सुईण. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ह्याच्या पालात माझं पाऊल पडायचं न्हाई."

मी म्हणालो, "बोलावतंय कोण?"

झालं. त्या दिवसापासून बायकांनी गयाशी बोलणं टाकलं. माती वाहताना ती रांगेच्या शेवटी, कामावर वाटलेली सुकडी खाताना दगडाआड एकटी. पोट वाढत होतं आणि बोलणं आटत होतं. मधूनच म्हणायची, "येकदा जाऊन बोला की म्हातारीशी." मी म्हणायचो, "मेलो तरी न्हाई." मग ती पाठ फिरवून निजायची. त्या पाठीची मला भीती वाटायला लागली होती, पण पाय काही उचलत नव्हता. आमच्या घरात कुणाचाच उचलत नाही, बापाचंही तसंच.

दिवाळी आली. भाऊबीजेला कामाला सुट्टी मिळाली. पण सुट्टी घेऊन करायचं काय? एकाही बाईला माहेरचं बोलावणं नाही. सगळ्यांचीच माहेरं कुठं ना कुठं खडी फोडत होती. सकाळपासून पालापालांतून मुसमुस चाललेली. तेव्हा कोंडाबाई तलावाच्या कोरड्या तळात जाऊन उभी राहिली आणि आवाज दिला, "रडायला पानी लागतं गं बायांनो, हितं प्यायला न्हाई. चला, पंचमी खेळू."

"दिवाळीत कसली पंचमी?" कुणीतरी विचारलं.

"श्रावणात पाऊस आला न्हाई म्हनून खेळायची ऱ्हायली. पंचमी काय पावसाची मिंधी हाय?"

खेळ तिनंच सांगितला. म्हाताऱ्या नि पोक्त बायांनी बाहेर रिंगण करायचं. लेकीसुनांनी आत. दोन्ही रिंगणं उलट्या अंगांनी फिरायची. गडीमाणसानं भरावावर उभं राहून घमेलं बडवायचं. घमेलं थांबलं की ज्या लेकीच्या समोर जी येईल ती तिची आई. आईनं लेकीला आपल्या पालात न्यायचं, डोकं विंचरायचं, कुंकू लावायचं, असेल तो घास द्यायचा. "आज कुनी बिनम्हायेराची ऱ्हानार न्हाई," म्हातारी म्हणाली. गयालाही कुणीतरी उठवलं. रिंगणात शेजारणीचा हात धरावाच लागतो, नाहीतर रिंगण तुटतं. किती दिवसांनी तिचा हात कुणी धरलेला मी पाहिला.

परवा इथं शहरात, आमच्या सावेडीच्या सोसायटीत दिवाळीचं संमेलन झालं. माइक घेतलेली एक पोरगी आली होती, पैसे देऊन आणलेली. फुगे फोडा, चिठ्ठीतलं नाव शोधा, अनोळखी माणसाला तुमची आवडती भाजी सांगा. पोरगी चांगली होती, घसा फोडून बोलत होती. मीही एका रिटायर साहेबाला शेपूची भाजी सांगितली. त्यांनी कारलं सांगितलं. दुसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये ते मोबाईलमध्ये बघत होते आणि मी आकड्यांकडे. खेळाची चूक नाही. आम्हाला एकमेकांची गरज नव्हती, एवढंच.

तर रिंगणं फिरायला लागली. शेकड्यांनी बाया. कोरड्या मातीचा धुरळा उठला, गाणी सुरू झाली, एका गावाचं गाणं दुसऱ्या गावाच्या चालीत शिरायला लागलं. घमेलं बडवणाऱ्याचे हात भरून आले तसा मुकादम मला म्हणाला, "ए पहिलवान, टँकरवर लई जोर दाखवतुस, घे की जरा."

मी घमेलं घेतलं. बडवता बडवता डोळ्यांनी गयाला धरलं. मग कोंडाबाईला धरलं. रिंगणं एवढी मोठी की एक तलावाच्या ह्या अंगाला, दुसरी त्या अंगाला. त्या समोरासमोर यायला वेळ होता. मी बडवत राहिलो. बाया दमल्या. "थांबीव की मुडद्या!" अशा हाका यायला लागल्या. हरिबा खालून ओरडला, "हात अडकलं का रं?" मी बडवतोय. गयाचा एक हात कमरेवर गेला, चाल मंदावली. एकदा वाटलं, थांबवावं, चक्कर येऊन पडेल. पण थांबवलं तर दुसरीच कुणीतरी आई मिळायची, आणि सुईण कामावर एकच होती. दात खाऊन बडवत राहिलो. म्हातारी जवळ आली, गया जवळ आली, आणि माझा धीर सुटला. मी थांबवलं.

एक पाऊल आधी थांबवलं.

गयाच्या समोर कोंडाबाईची शेजारीण होती. तेवढ्यात मी काय पाहिलं? कोंडाबाईनं शेजारणीला कोपरानं बाजूला सारलं, एक पाऊल सरकली आणि गयाचा हात धरला. धुरळ्यात कुणाच्या ध्यानातही आलं नाही. म्हातारीनं मान वर करून माझ्याकडं बघितलं देखील नाही.

खेळ एका दिवसाचा होता, पण संध्याकाळी गया परत येईना. मी आष्टीवाल्यांच्या पालांपासून लांब उभा राहिलो. केस विंचरलेली, कपाळभर कुंकू लावलेली गया आतून काहीतरी बोलत होती, हसत होती. कोंडाबाई बाहेर आली.

"जावयानं असं कुत्र्यागत लांब हुबं ऱ्हाऊ नये," ती म्हणाली. "पयलं बाळातपन म्हायेरी असतंय. लेक हितंच ऱ्हाईल."

मी खाली बघितलं. कुंपणाशी टेकून बसलेला हरिबा दात काढत होता.

"आनि जावई," म्हातारी आत जाता जाता म्हणाली, "तुमाला घमेलं वाजवाया येत न्हाई. पाऊलभर चुकलं."

मुलगी झाली. अवघड झाली, पाय आधी आले. कोंडाबाई नसती तर मी आज हे लिहायला उरलो असतो की नाही, सांगता येत नाही. पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला, तलाव भरायला लागला आणि माणसं फुटली. ज्या तळात रिंगणं फिरली तिथं पाणी उभं राहिलं. आम्ही मात्र गावाला गेलो नाही. गावी राहिलेला माझा भाऊ म्हणाला होता, जमीन दोघांना पुरायची नाही, तूच कॅनॉलकडं जा. गेलो. उसाच्या रानात राबलो, शुगर फॅक्टरीत चिकटलो, पोरं शिकली, आता हा सावेडीचा फ्लॅट. गावी गेलो की पुतण्या खुर्ची पुसून देतो. मला ती खुर्ची टोचते. पाहुण्यालाच कोणी खुर्ची पुसून देतं.

कॅनॉलवरच्या पहिल्या पंचमीला दारात हरिबा उभा. एसटी चुकली म्हणून निम्मी वाट चालत आलेला. माहेराहून लेकीला न्यायला जो येतो त्याला मुराळी म्हणतात, तो मुराळी होऊन आला होता. मी म्हणालो, "नंबर माझाच हुता." तो म्हणाला, "बरं दाजी, तुमचाच. पानी तरी द्या." मग दरसाल आला. गया निघायची तेव्हा तिच्या चालीत वेगळाच जोर असायचा. मीही मागनं जायचो, कोंडाबाईच्या शिव्या खायला. तिथं मला कुणी खुर्ची दिली नाही. "बसा की खाली, तुमचंच घर हाय," एवढंच.

कोंडाबाई गेली, मग हरिबा गेला, आणि दोन वर्षांमागं गया. पोरं विचारतात, बाबा तुमचं गाव कोणतं? गाव मला अजून आहे, वेस आहे, सातबाऱ्यावर नावही आहे. पण घर म्हणजे काय, ते मला म्हातारपणी कळलं. जिथून तुम्हाला न्यायला माणूस येतं, ते घर. मग ते रक्ताचं असो नाहीतर नसो.

पंचमीच्या आदल्या दिवशी मी सोसायटीच्या फाटकाशी जाऊन बसतो. वॉचमन विचारतो, "बाबा, कुणाची वाट बघताय?"

मी म्हणतो, "वारं खातोय."

आणि दिवेलागणीपर्यंत बसून राहतो.