पाड्याचा छापील संदर्भ
शाळेच्या वाचनालयाचं कपाट उघडलं की डांबरगोळ्यांच्या वासासरशी २०१६ सालची ती नववीतली मुलगी आठवते. तिला आपल्या पाड्याच्या इतिहासावर प्रकल्प लिहायचा होता आणि छापील संदर्भ नसेल तर तो परत, असं सरांनी बजावलं होतं. आम्ही दोघींनी जाडजूड ग्रंथ चाळले, कॉम्प्युटरवर शोधलं. तालुक्याचं गाव तलासरी सापडलं, सीमेवरचा अच्छाडचा तपासणी नाकासुद्धा. तिचा पाडा कुठेच नाही. “बाई, आजोबांनी सांगितलेलं चालंल का?” तिनं विचारलं. “तुझे आजोबा छापून आलेत का?” मागून तिची मैत्रीण खिदळली. ती हसली नाही. “पुस्तकवाल्यांना आमची वाट ठाऊक नसंल,” म्हणाली आणि ग्रंथात सापडलेल्या विवळवेढ्याच्या देवळावर प्रकल्प लिहून मोकळी झाली. मार्क चांगले पडले. अजूनही नवा ग्रंथ आला की मी आधी मागची सूची बघते. तो पाडा अद्याप आलेला नाही.