बिनतिकीट गाणी

चेकरसाहेबांनी जन्मभर बसमध्ये बिनतिकीट माणसं पकडली. सख्ख्या मेव्हण्यालाही सोडलं नाही. दंडाची पावती फाडली आणि वर "संध्याकाळी जेवायला ये" म्हणाले. असा हा माणूस. आणि त्याच्याच घरात चोरीचा माल निघावा?

त्याचं झालं असं. साहेबांच्या कपाटात कॅसेटी होत्या, खच्चून भरलेल्या. दर रविवारी रेडिओवर गाण्यांचा कार्यक्रम लागायचा. साहेब खिडक्या लावून घ्यायचे, रेडिओच्या तोंडासमोर टेपरेकॉर्डर ठेवायचे आणि गाणी भरून घ्यायचे. वायरबियर काही नाही. मग घरात कुणी हूं की चूं करायचं नाही! बायको गेल्यापासून मात्र त्यांनी एकही कॅसेट लावली नव्हती. धीरच होत नव्हता.

परवा जावई जेवायला आला. वकिलाच्या ऑफिसात कामाला, आणि जिभेला हाड नाही. कपाट बघून म्हणाला, "बाबा, रेडिओवरचं असं भरून घेणं गुन्हा आहे, माहितीय ना? म्हणजे तुम्ही आयुष्यभर बिनतिकीट गाणी ऐकलीत की!"

तो खो खो हसला. साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. बिनतिकीट? मी?

जावयाची पाठ वळताच त्यांनी कात्री काढली. फीत ओढायची, कापायची, कचऱ्याच्या पिशवीत टाकायची. डोळ्यांत पाणी होतं, पण हात थांबला नाही. अहो, आधी कुणाला विचारायचं तरी! पण शिस्तीचं भूत मानगुटीवर बसलं की हा माणूस कुणाचं ऐकतोय?

चार दिवसांनी लेक आली, बरोबर नवरा. कपाट उघडलं आणि ती जागच्या जागी थिजली.

"बाबा, कॅसेटी कुठेत?"

"कापून टाकल्या. बेकायदेशीर होत्या."

जावयाचा चेहरा पांढराफटक पडला. "अहो, मी थट्टा केली हो! आपल्याकडे घरच्या घरी, स्वतःपुरतं भरून घेतलेलं चालतं. विकलं असतं तर गुन्हा."

लेक मटकन खाली बसली. "बाबा, त्यात आई होती. गाणी चालू असताना मधेच बोलायची ना ती? तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाहीये. तेवढ्यासाठीच आले होते मी."

गाणी गेली एवढंच साहेबांना वाटलं होतं. बाकी काही ध्यानातच आलं नव्हतं, देवा!

मग एकदम आठवलं. टेपरेकॉर्डरमध्ये एक राहिली असेल! त्यांनी झाकण उघडलं. होती. त्यांनी बटण दाबलं.

गाणं सुरू झालं. मधेच दार करकरलं.

"अहो, ऐकलंत का..."

लेकीने तोंडावर हात ठेवला. आणि लगेच साहेबांचाच आवाज आला, बसमधला, खणखणीत: "गप्प बस गं! रेकॉर्डिंग चालू आहे, दिसत नाही?"

दार लागलं. पुढे नुसती गाणी. तिघं कॅसेट संपेपर्यंत कान देऊन बसली. ती पुन्हा बोललीच नाही.