ओळखीचा हात

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये कराटेचा वर्ग चालतो. पांढऱ्या ढगळ कपड्यांतली पाच-सहा वर्षांची मुलं पट्टा सावरत रांगेत उभी असतात आणि आम्ही आया भिंतीलगतच्या खुर्च्यांवर बसून त्यांचे फोटो काढत असतो.

काल सरांनी माझ्या मुलीचं, सईचं, मनगट घट्ट धरलं. म्हणाले, "सोडव बघू. आणि जोरात ओरड."

ती नुसतीच हसत उभी राहिली.

"का गं?"

"तुम्ही तर ओळखीचे आहात ना, सर!"

हॉलभर हशा पिकला. सरही हसले. "बरं, समज मी कुणीतरी अनोळखी माणूस आहे." त्याबरोबर सईने हात असा काही झटकला आणि अशी किंचाळली, की सगळ्या आयांनी टाळ्या वाजवल्या.

माझे हात मांडीवरच राहिले. एवढ्याशा मनगटाला आपण नेमकं कुणाच्या हातातून सुटायला शिकवतो आहोत? ज्याच्या आठवणीने मी तिला इथे घातलं, तो माणूस अनोळखी नव्हता. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला यायचा, आणि आई मला म्हणायची, "जा, काकांना पाणी नेऊन दे."