दोन पावलं

महारुद्र वीस वर्षांपासून राणीसावरगावच्या आमच्या टीममध्ये फिरकी टाकतो. नवा बॅट्समन आला की पहिला बॉल मुद्दाम हळू टाकून सिक्स खातो. बॅट्समन फुगतो, पुढच्या बॉलला क्रीज सोडून धावत येतो, बॉल वळून त्याला चकवतो आणि मागं किपर शिवशंकर स्टंप उडवतो. असे किती जण या दोघांनी घरी पाठवले!

दोन वर्षांपूर्वी शिवशंकर पुण्याला कंपनीत गेला. महारुद्रनं सिक्स खाणं मात्र सोडलं नाही.

परवा वालूरच्या टीमशी मॅच होती. महारुद्रनं सिक्स खाल्ला. पुढच्या बॉलला बॅट्समन बाहेर आला, बॉल वळला, तो चुकला, आणि नव्या किपरच्या हातातूनही बॉल सुटून चौका गेला. त्यातच आम्ही हरलो. सगळे महारुद्रवर तुटून पडले. मीही ओरडलो, "लय शहाणा हायस! सिक्स वाटायलायस व्हय?"

सगळे गेल्यावर मी स्टंप उपटत होतो, तेव्हा महारुद्र बांधावर बसून शिवशंकरला सगळं सांगत होता. फोन स्पीकरवर होता.

शिवशंकरनं हार-जीत विचारलीच नाही. "बाहेर निघाला व्हता का?"

"दोन पावलं."

मशीनच्या खडखडाटातून शिवशंकरचा आवाज आला.

"मग आऊटच हाय की त्यो."

महारुद्रनं मान खाली घातली. मी स्टंप गोळा करत राहिलो. मिडऑफला मीच उभा होतो. ती दोन पावलं मलाही दिसली होती.