कडी लावलेली दुपार

आमच्या घरात घोरण्याला मान आहे. 'कसा घोरतोय बघा' म्हटलं की माणूस ठणठणीत. त्यामुळे नांदेडला बायपास होऊन आप्पा, म्हणजे माझे वडील, लातूरला माझ्याकडे आले आणि दुपारी उताणे पडून घोरायला लागले, तेव्हा भेटायला येणारे खूश होऊन परत जायचे. छाती शिवलेली, त्यामुळे कुशीवर वळता येत नव्हतं. मी मात्र त्या घोरण्याकडे कान लावून बसायचे. ते मध्येच तुटायचं. छाती हलायची, पोट हलायचं, पण नाकातोंडातून वारा नाही. मग एकदम गचका बसून श्वास यायचा आणि माझा अडकलेलाही सुटायचा.

झोपलेल्या पेशंटला हात लावायचा नाही, अशी आल्यागेल्यांची ताकीद होती. मी लावायचे. ऑपरेशनमधून वाचलेला माणूस झोपेत घालवायचा का?

डॉक्टरांनी तपासणी करून सांगितलं, झोपेत घसा मिटतो आणि दर वेळी हृदयावर ताण येतो. साध्या डुलकीलाही मशीन लावा. मशीन छोटंसं. नाकावर मास्क, नळीतून नुसती हवा. आप्पा कुरकुरत का होईना, लावू लागले. मला हायसं वाटलं.

मग शेजारच्या काकूंनी खिडकीतून पाहिलं. करोनापासून आमच्याकडे मास्क आणि नळीचा एकच अर्थ: माणूस चालला. 'आप्पांना ऑक्सिजन लावलाय' ही बातमी भोकर गावाला पोचायला कितीसा वेळ लागतो? दुसऱ्या दुपारी तिथून आत्या, आप्पांची धाकटी बहीण, आली. आमच्याकडच्या रीतीप्रमाणे तिने गल्लीच्या तोंडाशीच गळा काढला.

"आरं माझ्या दादा, मला सोडून कुठं गेलास रं!"

आप्पा मास्कसकट दारात आले. "आगं, मी हाय की जित्ता!"

त्यांना तसं पाहून ती आणखी जोरात रडली. सगळी गल्ली हसली, मीही हसले. फक्त आप्पा हसले नाहीत.

त्या दिवसापासून जेवण झालं की ते खोलीत जाऊन आतून कडी लावू लागले. विचारलं तर म्हणायचे, "लावतो की मशीन." मी दाराला कान लावून उभी. घोरणं ऐकू आलं की समजायचं, मास्क उशाला पडलाय. पण घोरणं थांबलं तर? मास्क लावला, की श्वासच थांबला? दार ठोकलं की ओरडायचे.

शेवटी एका सकाळी ते फिरायला गेले असताना मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि कडीच काढून टाकली.

दुपारी त्यांनी दार लोटलं, कडीच्या जागी चाचपून पाहिलं. मी शिव्या खायच्या तयारीत.

"काढलीस व्हय?"

"हाव. मला लई भ्या वाटतंय, आप्पा."

ते पलंगावर बसले. मास्क मांडीवर घेतला.

"हे लावून डोळं मिटलं की तिचं रडणं कानात येतंय," ते म्हणाले. "वाटतंय, खरंच गेलो काय."

मी त्यांच्याजवळ सरकले.

"खुर्ची घे. मी उठूस्तोर जाऊ नको."

मी मास्कचा पट्टा आवळून दिला. त्यांनी डोळे मिटले, पण माझं मनगट धरलं ते सोडलं नाही.