कुपी फोडायला दहा जण

आमच्या गोदामात तिला सगळे वावटळ म्हणतात. नाव मीच ठेवलंय आणि मला त्याचा अभिमान आहे. पायाला भिंगरी, जिभेला धार आणि स्कूटरच्या मागे कायम स्वतःपेक्षा मोठं खोकं. सकाळी कुणी कुठल्या गल्लीतली पार्सलं न्यायची ते मी ठरवते. बाकीची पोरं जांभया देत चहाची वाट बघत असतात, तोवर हिची स्कूटर भरून झालेली असते. "काकू, मला लांबचा रस्ता द्या," एवढंच मागणं. लांबचा रस्ता कुणालाच नको असतो. हिला हवा असायचा, कारण त्या रस्त्यावर तिची मावशी राहते त्या वृद्धाश्रमाचं फाटक लागतं.

मावशीबद्दल आधी सांगायला हवं, नाहीतर पुढचा सगळा आटापिटा कळायचा नाही. मावशीला जन्मापासून ऐकू येत नाही. तिचं बोलणं हातांनी. वावटळीची आई लवकर गेली आणि मावशीनं तिला पदरात घेतलं. त्यामुळे ही पोर तोंडानं बोलायच्या आधी हातांनी बोलायला लागली. पुढे मावशीची नजरही गेली. एकदम नाही, हळूहळू, कडेकडेनं. मग या दोघींनी आपली एक तऱ्हा बसवली. वावटळ खुणा करणार आणि मावशी आपले तळवे तिच्या हातांवर अलगद ठेवून त्या वाचणार. मावशीला स्वतःला बोलायचं असलं, की वावटळ तिच्या गुडघ्यावर एक हात ठेवते. 'ऐकतेय, बोल,' असा त्याचा अर्थ. हात उचलला की मावशी बोलायची थांबते. समोर कुणी नसताना बडबड करणाऱ्यातली ती बाई नाही.

मावशी बाथरूमपाशी पडली, खुब्याचं हाड मोडलं आणि तिला उठवायला दोन माणसं लागू लागली. घरात माणूस एकच, तोही दिवसभर स्कूटरवर. म्हणून वृद्धाश्रम. वावटळ रोज डबा खायच्या सुट्टीत तिथे जायची, डबा बाजूला राहायचा आणि दोघींच्या हातांच्या गप्पा चालायच्या. एकदा मी बरोबर गेले होते. मला त्यातलं काही कळलं नाही, पण मावशी कुणाची तरी नक्कल करत होती आणि वावटळ हसून हसून खुर्चीवरून घसरायच्या बेतात होती. नक्कल माझी होती, हे नंतर कळलं.

मग ती साथ आली आणि वृद्धाश्रमाचं फाटक बंद झालं. त्यांचंही चूक नव्हतं, आत सगळी पिकली पानं. पुढे लस आली तेव्हा आतल्यांना सगळ्यांना मिळाली आणि नवा नियम लागला. ज्या नातेवाइकांचे दोन डोस झालेत त्यांनी आत येऊन जवळ बसावं, बाकीच्यांनी काचेपलीकडून भेटावं. आता ज्या बाईला दिसत नाही आणि ऐकू येत नाही, तिला काचेपलीकडून भेटायचं म्हणजे नेमकं काय करायचं? हा नियम करणाऱ्यानं एकदा डोळ्यांवर पट्टी बांधून आणि कानांत बोळे घालून बसून बघावं. मी हे तिथल्या व्यवस्थापकांना तोंडावर सांगितलंही. त्यांनी मला पाणी विचारलं.

वावटळीचं वय चोवीस. म्हणजे लशीच्या हिशेबानं अगदीच कुचकामी. आधी म्हाताऱ्यांना, ते बरोबरच होतं. मग माझ्यासारख्या मधल्यांना. माझा दंड दुखला तेव्हा मी दोन दिवस सगळ्यांना ऐकवलं. आणि तरुणांना कधी, तर लवकरच. त्या 'लवकरच'नं आमच्या पोरांच्या नाकी नऊ आणले. घरात बसलेल्यांच्या दारात पिठापासून गादीपर्यंत सगळं नेऊन टाकणारी हीच पोरं, दाराआडून "तिथेच ठेवा, तिथेच ठेवा" ऐकून घेणारी हीच पोरं, आणि लशीच्या वेळी म्हणे तुम्ही तरुण आहात, तुम्हाला काय घाई? माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. वावटळ मात्र तेव्हा चिडत नव्हती. तिथल्या सेविकेला व्हिडिओ कॉलवरून जेवण, औषध, पाणी, झोप अशा चार खुणा तिनं शिकवल्या होत्या आणि त्यावर दिवस ढकलत होती.

तिचं डोकं फिरलं ते एका दुपारी. तिची गाडी बिघडली म्हणून ती माझ्या स्कूटरवर मागे बसली होती. वाटेत आम्ही वृद्धाश्रमापाशी थांबलो. फाटकावरच्या वॉचमननं नेहमीप्रमाणे हात आडवा केला आणि आम्हाला बाजूच्या काचेकडे पाठवलं. हा वॉचमन म्हणजे हिच्याच वयाचा, ओठांवर जेमतेम मिशी, पण आव असा की खजिन्यावर बसलाय. हिचं आणि त्याचं रोज वाजायचं. काचेआड मावशी खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, कपडे स्वच्छ, दोन्ही हात मांडीवर पालथे. सेविका काचेपाशी येऊन म्हणाली, "हल्ली हात हलवतच नाहीत त्या. आधी काहीतरी करून दाखवायच्या, आम्हाला कळायचं नाही. आता बंदच केलंय. डॉक्टर म्हणाले, वयाप्रमाणे होतं."

"वयाप्रमाणे?" वावटळ म्हणाली. "तिचं बोलणं बंद झालंय आणि हे वयाप्रमाणे?"

ती काचेला नाक लावून उभी राहिली. मावशीचे हात काही हलले नाहीत. गोदामाशी उतरल्यावर ती म्हणाली, "काकू, माणूस फार दिवस बोललं नाही की बोलायचं सोडून देतं. मग नंतर मी गेले तरी काय उपयोग? मला लस पाहिजे. कशीही."

आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात तरुणांसाठी लस खुली झाली. खुली म्हणजे अॅपवर. त्या अॅपचं मी काय वर्णन करू! वय टाका, पत्ता टाका, ओटीपीची वाट बघा, ओटीपी येईपर्यंत जागा गायब. आमची पोरं पार्सलांच्या ढिगावर बसून फोनवर बोटं आपटत असायची. कुणाला जागा मिळालीच तर ती तीन तासांच्या अंतरावर. वावटळ सिग्नलला थांबली की फोन काढायची, लिफ्टची वाट बघताना काढायची, गिऱ्हाईक सही करत असताना काढायची. एकदा जागा दिसली, तिनं दाबलं, आणि अॅपनं तिला विचारलं की तुम्ही यंत्र तर नाही ना? यंत्र नाही हे सिद्ध करेपर्यंत ती जागा दुसऱ्या कुणाच्या पदरात पडली. त्या दिवशी तिनं फोन भिंतीवर फेकायला हात उगारला होता. मी म्हटलं, "फेक, पण मग मावशीची खबर कशावर घेशील?" तेव्हा कुठे हात खाली आला.

मग कुणीतरी सांगितलं की गावाबाहेरच्या आरोग्य केंद्रात अॅपशिवायही देतात. तिथे म्हणे लस पडून असते, माणसंच जात नाहीत. वावटळ आणि दोन पोरं जेवणाच्या सुट्टीत सुसाट गेली आणि तशीच परत आली. तिथल्या सिस्टरनं दिली नाही. कारण ऐकून मी आधी हसले. एका कुपीत दहा जणांची लस असते. एकदा कुपी फोडली की ती थोड्याच वेळात वापरावी लागते, उरली तर टाकायची. म्हणून दहा जण जमल्याशिवाय सिस्टर कुपी फोडत नाहीत. सकाळी चार जण येतात, बसून कंटाळतात, जातात. दुपारी तीन येतात. तेही जातात. दिवस संपतो, कुपी फ्रिजमध्ये तशीच.

"भांडली असशील," मी म्हटलं.

"भांडायला तोंड उघडलं होतं," ती म्हणाली. "पण त्या म्हणाल्या, 'बाळा, माझी सख्खी बहीण लस यायच्या आधी गेली. तुम्हा तिघांसाठी सात जणांची लस माझ्या हातानं ओतून देऊ?' मी म्हटलं, उद्या दहा आणते."

आता दहा जण आणणं म्हणजे काय मोठंसं, असं मलाही वाटलं होतं. पण ज्यांना हवी होती त्यांना सुट्टी नव्हती, आणि ज्यांना सुट्टी होती त्यांना भीती होती. गोदामातली चार पोरं तयार झाली, त्यांच्या फेऱ्या मी मुकाट्यानं पुढे ढकलल्या. वरिष्ठांनी विचारलं तर सांगायला एक थाप तयार ठेवली. पाचवी ती स्वतः. मग तिनं आपल्या रस्त्यावरची दारं पकडली. पार्सल देता देता विचारायची, "सही इथे करा. लस झाली का?" शिंप्याच्या दुकानातली नवराबायको हो म्हणाली, कारण बायको म्हणाली आणि नवऱ्याची काय बिशाद! पावाच्या भट्टीवरची मुलगी हो म्हणाली. आणि आमचा पैलवान. हा गडी एकटा फ्रिज उचलून तिसऱ्या मजल्यावर नेतो, पण सुईचं नाव काढलं की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. वावटळीनं त्याला दोन दिवस छळलं. शेवटी म्हणाली, "डोळे मीट, मी हात धरते, आणि रडलास तरी कुणाला सांगणार नाही." तिनं सगळ्यांना सांगितलं, ते सोडा.

नऊ झाले. दहावा भट्टीवरच्या मुलीचा भाऊ, तोही ठरला होता. सगळी वरात केंद्रावर पोचली, मीही गेले, आणि तिथे भावाचा फोन आला की त्याच्या सासूबाईंनी मनाई केलीय. सिस्टरनं घड्याळाकडे बघितलं. बाहेर बाकावर नऊ जण ओळीनं बसले होते आणि पैलवान आशेनं म्हणाला, "मग आज राहू दे का?"

"बस खाली," वावटळ म्हणाली. तिनं फोन काढला. सगळे नंबर संपले होते, फक्त एक उरला होता, आणि तो लावताना तिनं नाक असं मुरडलं की मी समजले.

"वॉचमनदादा, मी बोलतेय. हो, तीच. लस झाली का तुझी?"

पलीकडून काय उत्तर आलं ते तिच्या तोंडावर दिसलं. नव्हती झाली. तो ठेकेदाराचा माणूस. वृद्धाश्रमानं आपल्या लोकांची लस केली तेव्हा त्याला आपल्यात धरलंच नव्हतं. इतके महिने तो लस न घेता फाटकावर उभा होता आणि लस न घेतलेल्यांना अडवत होता.

"मग मला का नाही सांगितलंस?" तिनं विचारलं.

"तू विचारलंस कुठे?" तो म्हणाला. हे तो इतक्या मोठ्यानं म्हणाला की आम्ही सगळ्यांनी ऐकलं. "तू फक्त शिव्या दिल्यास."

"बरं, अजून देईन. आधी इथे ये. मी न्यायला येते."

ती गेली आणि त्याला मागे बसवून घेऊन आली. गणवेशातच होता. तो आत शिरला तेव्हा सिस्टरनं फ्रिज उघडला आणि कुपीचं झाकण काढलं. झाकण निघाल्याचा तो बारीक आवाज झाला आणि मला, पन्नाशीतल्या बाईला, हुंदका आवरेना. पैलवानानं वावटळीचा हात इतका घट्ट दाबला की तिला सुईपेक्षा तेच जास्त दुखलं.

मधले आठवडे कसे गेले ते विचारू नका. दुसऱ्या डोसला मात्र दहा जमवावे लागले नाहीत. तेच दहा जण सिस्टरच्या आधी दारात हजर होते, आणि पैलवान तर नव्यांना धीर देत होता. त्यानंतर वृद्धाश्रमानं सांगितलेले दिवस भरले आणि एका सकाळी वावटळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. "काकू, आज लांबचा रस्ता नको. आज सुट्टी द्या. आणि चला माझ्याबरोबर."

वॉचमननं फाटक दोन्ही हातांनी उघडलं. वाटेत ती मला एकसारखं सांगत आली होती की मावशीला काय काय सांगायचंय. का आले नाही, साथ म्हणजे काय, काच, अॅप, कुपी, सिस्टर. मध्येच खुणा करून बघायची, 'कुपी'ला आमच्यात खूणच नाही गं, म्हणायची. मला काचेबाहेर थांबावं लागलं, आत एकालाच जाता येत होतं.

मावशी तशीच बसली होती. वावटळ समोर गुडघ्यांवर बसली आणि मावशीचे दोन्ही हात उचलून तिनं स्वतःच्या हातांवर ठेवले. मावशीनं हात काढून घेतले. पुन्हा मांडीवर, पालथे. वावटळीनं पुन्हा उचलले. पुन्हा तेच. मला वाटलं, झालं, पोर म्हणत होती तसंच झालं, बाई बोलायचं विसरली. माझ्या शेजारी वॉचमन उभा होता.

मग मावशीचा उजवा हात उठला. तो वावटळीच्या मनगटावरून चढला, कोपरावरून दंडावर, खांद्यावर, तिथून गालावर, नाकावर, कपाळावर. कपाळावर जरा थांबला. आणि मावशीनं तिच्या फाडकन एक थोबाडीत दिली.

वॉचमन "अहो!" म्हणून पुढे झाला, मी त्याचं कोपर धरलं. कारण मावशीचे हात सुरू झाले होते. आधी अडखळत, बोटं आखडल्यासारखी, मग भराभर, मग इतक्या वेगानं की मला वाटलं ती काही तरी फाडतेय. वावटळीनं तिच्या गुडघ्यावर ठेवलेला हात बोलायला उचलला, मावशीनं तो पकडून परत तिथेच दाबून ठेवला आणि पुढे चालू. जेवणाचं ताट आलं. मावशीनं ते कोपरानं बाजूला सारलं. सेविका दाराशी तशीच उभी राहिली. इतके महिने या हातांत एवढं साठलेलं होतं आणि ते वयाप्रमाणे बंद झालं असं डॉक्टर म्हणाले होते!

भेटीची वेळ संपून गेली, कुणी काही म्हटलं नाही. शेवटी वावटळ बाहेर आली तेव्हा तिचा एक गाल लाल होता आणि दोन्ही ओले होते.

"सगळं सांगितलंस का?" मी विचारलं.

"कसलं सांगतेय!" ती हसत, रडत म्हणाली. "एक शब्द बोलू दिला नाही मला."